निळ्या मण्यावरची तपकिरी झाक

तुमच्या गळ्यातला काचेचा मणी ज्या दिवशी घडला, त्या दिवशी त्या खोलीची खिडकी उघडी होती का?

प्रश्न विचित्र वाटेल. माळ घेताना लोक रंग बघतात, भाव करतात, हाताने केलेली आहे की मशीनची तेही हल्ली विचारतात. खिडकीचं कुणी विचारत नाही. मी विचारते आहे, कारण गेल्या आठवड्यात लोणावळ्याच्या एका टपरीवर ताटभर निळे मणी बघून मी जागीच थांबले.

मणी देखणे होते. तळ्याच्या पाण्यासारखा निळा रंग आणि त्यावर एका अंगाला तांब्यासारखी तपकिरी झाक, ओल्या रंगावर कुणी धूर फुंकावा तशी. टपरीवाल्याने एक मणी उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "अँटिक आहे ताई. हा माल फक्त पावसाळ्यात येतो," तो म्हणाला.

त्याला वाटलं, तो मालाची तारीफ करतोय. फक्त पावसाळ्यात. त्या दोन शब्दांत त्याने खरं सगळं सांगून टाकलं होतं आणि त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. माझ्यामागे ओले रेनकोट घातलेली गर्दी चिक्की खात उभी होती. रस्त्यावर धुकं इतकं उतरलं होतं की समोरच्या दुकानाची पाटीसुद्धा वाचता येत नव्हती.

मावळात श्रावणाचं धुकं पाहुण्यासारखं येत नाही, घरच्यासारखं येतं. न विचारता दारातून आत शिरतं, वळणीवरच्या कपड्यांत बसतं, काडेपेटीत बसतं, पापडाच्या डब्यात बसतं. बाहेरची माणसं त्याच्यासाठी पुण्या-मुंबईहून गाड्या घेऊन येतात. आम्ही त्याच्यात राहतो. आणि दरवर्षी ते उतरलं की मला ती शेड आठवते, जिथे बायका धुक्याला आत येऊ देत नसत.

आमचं घर बेगडेवाडी स्टेशनजवळ. वडील, म्हणजे आबा, तळेगावच्या एका कारखान्यात कामाला होते आणि कारखान्यातून उरलेलं सगळं आयुष्य त्यांनी पत्रकांना दिलं. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. कोऱ्या बाजूला माझे पाढे, छापील बाजूला जगावरचा अन्याय. पत्रकाचा साचा मला आईच्या हाकेइतका ओळखीचा होता. वर ठळक अक्षरात सवाल, मधे गुन्हेगाराचं नाव, खाली 'हजारोंच्या संख्येने उपस्थित राहा'. हजारो कधी आले नाहीत. आबा मात्र दर वेळी खुर्च्या मांडून ठेवायचे. घरात शाईचा वास भाजीच्या फोडणीइतकाच नेहमीचा होता, आणि अजून तो वास आला की मला भूक लागते.

निळा आमच्या घराचा रंग. आजोबांनी बुद्धाचा धम्म घेतला तेव्हापासून तो भिंतीवर, झेंड्यावर आणि आईच्या गळ्यात आहे. आईने काळी पोत कधी बांधली नाही. ती निळ्या मण्यांची माळ घालते, आणि ते मणी तिच्या बहिणीने, म्हणजे माझ्या सुमनमावशीने, स्वतः ज्योतीवर केलेले आहेत. लहानपणी मला वाटायचं, मणी झाडाला लागतात आणि मावशी ते तोडून आणते. मावशी म्हणायची, "व्हय, झाड हाय. पण त्याला हात लावला तर कातडी निघंल."

बारावीनंतरच्या त्या पावसाळ्यात कॉलेज सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून मी मावशीबरोबर शेडवर जायला लागले. बेगडेवाडीहून सकाळच्या गाडीने लोणावळा, तिथून रूळ ओलांडून चालत. बरोबर शिरगावची रंजना असायची. माझ्याहून थोडी मोठी, शेतकऱ्याघरची, तोंडाची फटकळ. माझ्या पिशवीत आबांची पत्रकं दिसली की ती डब्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायची, "सरका गं, पुढारीण आली! हिला खिडकीशी बसू द्या, भाषान करायचंय."

शेड म्हणजे एका बंगल्यामागची पत्र्याची लांब खोली. लाकडी बाकावर ओळीने गॅसच्या बत्त्या. प्रत्येक बाईपुढे एक निळसर ज्योत, आणि ज्योतीत काचेची कांडी. दुसऱ्या हातात मातीचा लेप दिलेली लोखंडी तार. काच मऊ होऊन मधासारखी लोंबायला लागली की ती तारेवर घ्यायची आणि तार फिरवत राहायची. फिरवत राहायचं एवढंच खरं त्या कामात. हात थांबला की काच एका बाजूला ओघळते आणि मणी मणी राहत नाही. मावशीचा हात जेवतानासुद्धा फिरायचा. घास बोटांत असायचा आणि अंगठा आपला तर्जनीवर गोल गोल.

झालेला मणी लगेच उघड्यावर ठेवत नाहीत. तारेसकट गरम राखेच्या डब्यात खुपसतात. तो तिथे हळूहळू निवायला हवा. घाईने निवला तर वरून चांगला दिसतो, पण आत काहीतरी आवळून बसतं. मग एखाद्या दिवशी, कुणी हातही न लावता, टोपलीत पडल्यापडल्या तो तडकतो. टिक्. एवढाच आवाज. मी ओवायला बसायचे तिथे त्या टोपल्या असत. मणी निवडायचे, भोकातली माती तारेने खरवडायची, मेण लावलेल्या दोऱ्यात ओवायचे, दोन मण्यांमधे गाठ मारायची. दिवसभर त्या गाठींमधे मधूनच टिक् ऐकू यायचं. आवाज कुठल्या टोपलीतून आला ते कधी कळायचं नाही. ज्याला तडा गेला तो मणी सापडेपर्यंत दुसरा बोलायचा.

अजूनही एखादं माणूस फार शांत दिसलं की मी कान देते.

माझ्या जागेशेजारी खिडकी होती. तिच्यातून दरी दिसायला हवी होती, दिसायचा फक्त पांढरा रंग, आणि तो रंग आत यायचा. पहिल्याच दिवशी मी खिडकी उघडी ठेवली. गार ओला वारा बाकावरून गेला, ज्योती आडव्या झाल्या आणि लागोपाठ दोन मणी तारेवरच फुटले. रंजना किंचाळली, "कुणी उघडली गं? पुढारीण, तुझ्या बापाचा कारखाना हाय व्हय ह्यो?"

मावशी शांतपणे उठली. खिडकी लावली, फटींत पोत्याची चिंधी कोंबली, वरून प्लास्टिकचा कागद खिळ्यांना अडकवला. "फुटलेल्या मण्याची मजुरी न्हाई मिळत हितं," ती मला म्हणाली. "वारं आत घ्यायचं म्हंजी आपल्याच खिशातलं भाईर टाकायचं."

तो नियम शेठचा होता. बंगला आणि शेड त्याचीच. शेठ वाईट बोलायचा नाही. सणाला पेढे द्यायचा, बायकांना ताई-मावशी म्हणायचा. त्याने एकदाही कुणाला खिडकी लावायला सांगितलं नाही. ते काम त्याचा नियम करत होता आणि नियमाला आवाज नसतो.

लोणावळ्यात मण्यांचा हंगाम पावसाळा. धबधबे बघायला लोक येतात, भिजतात, आणि जाताना हातात काहीतरी रंगीत हवं असतं. त्यामुळे जेव्हा हवा सगळ्यात ओली आणि वारा सगळ्यात बोचरा, तेव्हाच काम सगळ्यात जास्त. सगळ्या बत्त्या पेटलेल्या आणि सगळ्या खिडक्या बुजलेल्या. बाहेर अंगावर शहारे येत, आत घामाने पोलकी भिजत.

दुपारनंतर बायका कपाळ दाबायला लागत. कुणी ओकारी येते म्हणून पाणी प्यायला उठे आणि परत बसताना बाकाची कड धरे. "धुकं चढलं," असं म्हणत त्या. जणू धुकं दारूसारखं डोक्यात चढतं. मावशीला रोज चढायचं. मी तिला विचारलं, "मग रस्त्यावर चालताना कसं नाही चढत? तिथे तर धुकंच धुकं आहे." ती हसली. "रस्त्यावर काम करतोय का आपण? बसून असलं की चढतं." सुट्टीच्या दिवशी घरी तिचं डोकं दुखत नसे. त्यालाही तिच्याकडे कारण होतं, सुट्टीला ती झोप काढायची. माणूस आपल्या दुखण्याला किती प्रेमाने कारणं पुरवतं, ते मी तिथे बघितलं.

त्याच दिवसांत निळे मणी बिघडायला लागले. राखेतून काढावेत तर एका अंगाला तपकिरी, कळकट तांबूस. मावशी चिडली. काच हलकी आली म्हणाली. कांड्या बदलून बघितल्या, लेपाची माती बदलली. निळा काही निळा निघेना. बाकीचे रंग त्या मानाने ठीक होते, निळाच रुसला होता. मावशीने एक मणी माझ्यापुढे टाकला. "बग, आपलाच रंग दगा देतोय."

शेठने तो मणी उचलून उजेडात धरला. आम्हाला वाटलं, हा सगळा माल तो फेकून देणार, मजुरी बुडणार. तो म्हणाला, "अरे वा! मावशी, हे असंच करा. पब्लिकला असलंच जुनं-जुनं लागतं."

आणि खरंच लागलं. टपऱ्यांवरून तोच माल आधी उठायला लागला. बायका खूश झाल्या. निळा मणी बिघडायला हवा असेल तर खिडकी घट्ट हवी, एवढं त्यांच्या अनुभवाला आलंच होतं. का, ते कुणी विचारलं नाही. ज्या दिवशी फटीतून वारा येई त्या दिवशी मणी निळाच निघे, आणि मग कुणीतरी म्हणे, "आज झाक न्हाई धरत, बोळं नीट बसवा." रंजना तर गाणं म्हटल्यासारखं म्हणायची, "झाका गं झाका, झाक येऊ दे."

मी घरी आबांना सांगितलं, खिडक्या बंद, डोकी दुखतात. आबांनी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. ठळक सवाल होता, शेठच्या नावाने गुन्हा होता, हजारोंना आवाहन होतं. मी गठ्ठा घेऊन गेले आणि डब्यांच्या वेळी वाटला. मला वाटलं होतं, कुणीतरी रडेल, कुणीतरी मूठ आवळेल.

मावशीने पत्रक हळूहळू वाचलं, एकेका शब्दावर बोट ठेवून. मग म्हणाली, "आबांना म्हणावं, अक्षर लय सुंदर. पण शेटनं कुटं खिडकी लावली? आमीच लावली की."

"पण त्याच्या नियमामुळे लावली ना?"

"मंग नियमाचं लिवा. शेटला खुनी लिवलं तर तो उद्या शेडच बंद करील. मंग खिडकीबी त्याची, वारंबी त्याचंच."

रंजनाने तिच्या वाटचं पत्रक दुमडलं, परत दुमडलं, त्याची पट्टी केली, आणि खिडकीची खालची फट राहिली होती तिथे नीट कोंबली. "बग पुढारीण, तुझं पत्रक कसं कामाला आलं." सगळ्या हसल्या. मीही हसले. फटीतून येणारा शेवटचा गार धागा तुटला, आणि पत्र्यावरच्या पावसाचा आवाज एकदम लांब गेला.

त्यानंतरच्या एका दुपारची गोष्ट. रंजना बोलत होती. तिच्या होणाऱ्या नवऱ्याची नक्कल करत होती, तो फोनवर आधी 'हॅलो' म्हणतो आणि मग घसा खाकरतो त्याची. आम्ही हसत होतो. मग ती मधेच थांबली. आम्हाला वाटलं, पुढचं आठवतेय. माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. तार फिरत नव्हती. निळी काच तारेवरून ओघळली, लांब झाली, तुटली आणि बाकावर टपकन पडली. बत्तीची ज्योत निळी नव्हती, पिवळी झाली होती, आळशी, लांब जिभेची. त्या ओळीतल्या सगळ्याच ज्योती पिवळ्या होत्या. तोवर ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

रंजनाचं डोकं ज्योतीच्या दिशेने झुकायला लागलं.

मावशीने तिची वेणी धरून मागे ओढली. केस जळाल्याचा वास आला. आम्ही तिला फरफटत दारापर्यंत नेलं तेव्हा मलाही दाराची चौकट धरावी लागली. दार उघडलं आणि ज्याला आम्ही सगळा पावसाळा शिव्या घालत होतो ते धुकं थंडगार आत आलं. रंजना त्या ओल्या ओट्यावर पडून राहिली. ओठ विचित्र लाल. मग तिने एक मोठा, घशात अडकलेला श्वास घेतला, डोळे उघडले आणि म्हणाली, "माझा मणी?"

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "खिडकी नव्हती का?" मावशी म्हणाली, "व्हती." एवढंच.

नंतर कॉलेजात रसायनशास्त्राच्या बाईंनी तसला एक मणी हातात धरून मला सांगितलं, काचेला हा निळा रंग तांब्यामुळे येतो. बंद खोलीतली हवा संपत आली की ज्योत उपाशी राहते, आणि उपाशी ज्योत काचेतलं तांबं पृष्ठभागावर ओढून आणते. तीच ज्योत विषारी वायू सोडते, ज्याला ना रंग ना वास. म्हणजे काच दगा देत नव्हती. आपलाच रंग रोज सकाळ-संध्याकाळ ओरडून सांगत होता की इथे श्वास संपतोय. आणि आम्ही त्या ओरडण्याला भोक पाडून दोऱ्यात ओवत होतो, गाठ मारत होतो, आणि हौशी लोक ते गळ्यात घालून फोटो काढत होते.

रंजना वाचली. लग्न झालं, शिरगावातच आहे. बोलता बोलता अजून मधेच थांबते, आणि तिच्या घरच्यांना वाटतं तिचा स्वभावच तसा. मला वाटतं, टोपलीत कुठेतरी टिक् झालं.

त्या पावसाळ्यात उरलेले दिवस बायकांनी दार उघडं ठेवलं. मावशीने शेठला सांगितलं, फुटलेल्या मण्याचीही मजुरी दे, मग खिडकी उघडी राहील. घाबरलेल्या शेठने मान्य केलं. बत्त्यांपुढे पत्र्याचे आडोसे उभे केले, राखेच्या डब्यांना झाकणं आली, खिडक्या उघडल्या. पुष्कळ मणी फुटले. जे राहिले ते निळे होते. नुसते, नितळ निळे. त्या दिवसांत घरी येताना मावशी गाडीत बडबड करायची. तिचं डोकं दुखत नव्हतं आणि याचं तिला रोज नव्याने आश्चर्य वाटायचं.

मग पावसाळे गेले. आडोसे गंजले. नियम आधी दबकत परत आला, मग हक्काने. तपकिरी माल पुन्हा मागितला जाऊ लागला.

गेल्या आठवड्यात त्या टपरीवरून मी सरळ शेडवर गेले. बाहेरूनच कळलं. खिडकीवर प्लास्टिक, आतून पिवळट उजेड. दार ढकललं तर उबेचा भपकारा आला. मावशी तिच्या जागी होती. केस पांढरे झालेत, हात फिरतोय. शेजारच्या बाकावर नव्या मुली. एकीने कपाळाला रुमाल घट्ट बांधला होता.

"दार लाव गं, मणी फुटंल," मावशी न बघता म्हणाली. मग बघितलं. "तू व्हय. बस."

"मावशी, परत?"

"काय करू? या पोरींना आदल्या बारीचं म्हाईत न्हाई. सांगितलं तर म्हणत्यात, म्हातारी भिववती. खिडकी उघडली की यांचं मणी फुटत्यात, मंग माझ्याशी भांडत्यात."

"तुझं डोकं?"

ती ज्योतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जरा चढलंय."

मी पिशवीत हात घातला. आबांची सवय रक्तात आहे, कागद सोबत असतोच. मावशीने ते पाहिलं आणि मान हलवली. "पत्रक नको आणू पोरी. फटी बुजवायला कागद लय हाय हितं. गिऱ्हाईक आण. शेट आमचं ऐकत न्हाई, तुझ्या आबांचंबी ऐकत न्हाई. घेणाऱ्याचं ऐकतो. घेणाऱ्यानं तपकिरी नको म्हणलं की दुसऱ्या दिशी खिडकी उघडंल."

मी मधली खिडकी उघडून आले. माझ्या पाठीमागे ती लावल्याचा आवाज ऐकला.

म्हणून हे पत्रक नाही. गुन्हेगाराचं नाव वर टाकून मोकळं व्हायची माझी सवय मी इथे बाजूला ठेवते. त्या शेडमधे गुन्हेगार एकटा शेठ नाही. 'अँटिक' म्हणून तो मणी उजेडात धरणारा प्रत्येक हात त्या खिडकीच्या कडीवर आहे. मावशीने मला त्या हंगामातला एक मणी दिला होता, तो माझ्या गळ्यात आहे. निळा, एका अंगाला तपकिरी. लोक म्हणतात छान आहे. छान आहेच. तो कुणाच्या श्वासातून झाला ते मला माहीत आहे, एवढाच फरक.

पत्रकातली एकच ओळ मी ठेवते, शेवटची. उपस्थित राहा. हजारोंनी नको, एकेकट्याने चालेल. लोणावळ्याला याल तेव्हा टपरीवर निळा मणी हातात घ्या. त्यावर तपकिरी झाक दिसली तर तो खाली ठेवा आणि मोठ्याने विचारा, हा करताना खिडकी उघडी होती का? कुणी मुद्दाम, मोकळ्या हवेतही तसा रंग आणत असेल. असेल तर तो तुम्हाला आनंदाने आपली खोली दाखवेल. दाखवा म्हणा. दाखवली नाही तर घेऊ नका, आणि नितळ निळा मागा. फुटलेल्या मण्यांची मजुरी धरून जो भाव होईल तो द्या.

थंडीत येऊ नका. दसऱ्यानंतर हवा कोरडी होते, खिडक्या आपोआप उघडतात आणि सगळं ठीक दिसतं. आत्ता या. खिडक्या बंद आहेत आणि मावशी आत आहे, तोवर या.